यंत्राला माणसाची भाषा शिकविणारी अध्यापिका

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय शिक्षणात गणिताच्या जोडीला संगणकीय विचारपद्धतीला स्थान दिले आणि सहावी ते आठवीच्या टप्प्यावर प्रोग्राम लिहिण्याचे उपक्रम सुरू करावेत, असे सुचविले. धोरणातला शब्द वर्गात उतरतो तेव्हा त्याचे काय होते, हे शिक्षकांना कोणी सांगावयास नको. प्रयोगाची कृती वहीत उतरविली जाते, आकृतीला नावे दिली जातात, परंतु परीक्षानळी कपाटातून बाहेर येत नाही. संगणकाच्या शिक्षणाचीही तीच गत होण्याचा धोका आहे. आज्ञांची यादी फळ्यावर, व्याख्या वहीत आणि रिकाम्या जागा प्रश्नपत्रिकेत, एवढ्यावर हा विषय संपला तर मुलांच्या डोक्यावर आणखी एका पाठांतराचे ओझे पडेल. विचार करण्याची नवी रीत त्यांच्या हाती लागणार नाही.

अशा वेळी ग्रेस मरे हॉपर यांच्या चरित्राकडे वळणे उपयोगाचे ठरेल. अमेरिकेच्या नौदलात त्या रिअर ॲडमिरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचल्या, संगणकाच्या इतिहासात त्यांचे नाव कायमचे नोंदले गेले. परंतु त्यांचा मूळ पिंड शिक्षिकेचा होता आणि अखेरपर्यंत तो तसाच राहिला. यंत्राला काम सांगणे ही मूठभर तज्ज्ञांची गुप्त विद्या असू नये, सामान्य माणसाला ती आपल्या बोलीत करता आली पाहिजे, या एका आग्रहासाठी त्या जन्मभर झगडल्या.

सात घड्याळांची गोष्ट

हॉपरबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यू यॉर्क शहरात झाला. वडील विम्याचा व्यवसाय करीत. आईचे वडील शहराचे स्थापत्य अभियंता होते. त्यांच्याबरोबर मोजणीच्या कामावर जाता जाता आईला भूमितीची गोडी लागली होती. पुढे वडिलांचे दोन्ही पाय कापावे लागले. आपल्या मुलींनी मुलाइतकेच शिकावे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असा त्यांचा कटाक्ष होता.

ग्रेस सात वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुटीत न्यू हॅम्पशायरमधील घरी एक प्रसंग घडला. गजराचे घड्याळ कसे चालते, हे पाहण्यासाठी तिने ते उघडले. चाके आणि स्प्रिंगा बाहेर आल्या. पुन्हा जागेवर बसेनात. त्या कशा बसविल्या असतील, हे पाहण्यासाठी तिने दुसरे घड्याळ उघडले. मग तिसरे. घरात प्रत्येक खोलीला एक अशी सात घड्याळे होती; ती सातही उघडली गेली तेव्हा आईच्या लक्षात आले. आईने जो निर्णय दिला तो कोणत्याही शिक्षणशास्त्रज्ञाला शोभावा असा होता. घड्याळे उघडण्यास तिने सरसकट बंदी घातली नाही. यापुढे एकच घड्याळ खोलावयाचे, एवढी मर्यादा घालून दिली. जिज्ञासेला वाव मिळाला आणि घरातली वेळही शाबूत राहिली. वस्तू उघडून पाहणे, तिचे भाग वेगळे करणे, कोणता भाग कोणाला फिरवितो ते हुडकणे आणि पुन्हा जोडणे हाच संगणकीय विचाराचा पहिला धडा होय. आणि तो संगणकाशिवाय शिकता येतो.

पुढे व्हॅसर या स्त्रियांच्या महाविद्यालयात प्रवेश घेताना लॅटिन भाषेच्या परीक्षेत ग्रेस नापास झाली आणि तिला एक वर्ष थांबावे लागले. या अपयशाचा सल धरून न बसता तिने १९२८ मध्ये गणित व पदार्थविज्ञान घेऊन पदवी मिळविली. १९३० मध्ये येल विद्यापीठाची एम. ए. आणि १९३४ मध्ये त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट तिच्या पदरी पडली. दरम्यान १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी विवाह झाला आणि १९३१ पासून व्हॅसरमध्येच अध्यापन सुरू झाले.

तेथील त्यांच्या अध्यापनाची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. संभाव्यतेच्या वर्गात एका गणिती सूत्राविषयी निबंध लिहावा, असे त्यांनी विद्यार्थिनींना सांगितले आणि निबंध भाषेच्या शिक्षकाप्रमाणे तपासून परत दिले. आपण गणिताच्या वर्गात आलो आहोत, भाषेच्या नव्हे, अशी तक्रार झाली. जे गणित दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही ते शिकून उपयोग नाही, अशी हॉपरबाईंची भूमिका होती आणि तीवरून त्या हलल्या नाहीत. स्वतः शिकवीत असताना त्या इतर विषयांच्या वर्गांत जाऊन मागच्या बाकावर बसत. गणित आणि भाषा यांच्यामध्ये आपल्याकडे जी भिंत बांधली जाते ती त्यांच्या मनात कधी उभीच राहिली नाही. त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचे मूळ येथे आहे.

एकावन्न फुटांचे यंत्र

दुसरे महायुद्ध भडकले तेव्हा हॉपरबाई पस्तिशी गाठत होत्या. नौदलाच्या दृष्टीने वय जास्त आणि वजन कमी होते. तरीही खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या राखीव नौदलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि १९४४ च्या उन्हाळ्यात हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली रुजू झाल्या. तेथे मार्क एक नावाचे प्रचंड गणकयंत्र उभे होते: लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे पाच टन. त्याला सेकंदाला तीन बेरजा करता येत. आजच्या खिशातल्या फोनच्या तुलनेत ही गती हास्यास्पद वाटेल. परंतु ते यंत्र रात्रंदिवस, न कंटाळता, सांगितल्याबरहुकूम काम करी.

सांगावयाचे कसे, हाच प्रश्न होता. रुंद कागदी फितीवर भोके पाडून प्रत्येक आज्ञा यंत्राला द्यावी लागे. कोणता आकडा कोठून उचलावयाचा, त्याचे काय करावयाचे आणि उत्तर कोठे ठेवावयाचे, हे पायरीपायरीने लिहावे लागे. तेच काम पुन्हा पुन्हा करावयाचे असेल तर फितीची दोन टोके चिकटवून तिचे कडे बनवीत आणि ते यंत्रात फिरत ठेवीत. आज प्रोग्राम लिहिणारा विद्यार्थी ज्या रचनेला लूप म्हणतो ती त्या काळी डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे. यंत्राची माहिती देणारे पुस्तक नव्हते, म्हणून एकन यांनी ते लिहिण्याचे काम या नव्या अधिकाऱ्यावर सोपविले. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पाचशेहून अधिक पृष्ठांची पुस्तिका म्हणजे संगणकाला काम कसे सांगावे, हे शिकविणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक होय.

या यंत्रावर कोणती गणिते झाली, हेही नोंदविले पाहिजे. ती युद्धाची गणिते होती. १९४४ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी आणलेले एक गणित अणुबॉम्बच्या रचनेशी निगडित होते. ते सोडविणाऱ्यांना त्याचा हेतू त्या वेळी ठाऊक नव्हता. साधनाच्या नैपुण्याबरोबर त्याच्या उपयोगाची जबाबदारी येते, हे सांगावयास याहून ठळक उदाहरण नको.

हार्वर्डमधील त्या दिवसांची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट पतंगाची आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क दोन हे यंत्र अडले. शोध घेता एका रिलेमध्ये पतंग अडकून मेलेला सापडला. तो चिमट्याने काढून नोंदवहीत चिकटविण्यात आला आणि शेजारी वेळ लिहिण्यात आली. पतंग हॉपरबाईंनी स्वतः काढला नव्हता आणि यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याची पद्धतही जुनीच होती. परंतु ही हकीकत त्यांनी इतक्या वेळा रंगवून सांगितली की ती त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. ती नोंदवही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. शिक्षकाने त्या पानाकडे वेगळ्या नजरेने पाहावे. चूक सापडली तेव्हा ती खोडली गेली नाही, तिच्यावरून कोणाला बाकावर उभे केले गेले नाही. तारीख-वेळ घालून ती जपून ठेवली गेली. आपल्या शाळांत चूक म्हणजे लाल शाईची रेघ आणि वजा झालेला गुण. संगणकाच्या कामात चूक हा शोधाचा आरंभ असतो. पहिल्याच फटक्यात बरोबर चाललेला प्रोग्राम विरळा. दोष शोधणे हेच तेथे निम्म्याहून अधिक शिक्षण आहे.

चेकबुकातील आठाचा हिशेब

युद्ध संपले तसे व्यक्तिगत आयुष्य विस्कटले. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. व्हॅसरमधील प्राध्यापकपद नाकारून त्या हार्वर्डमध्ये संशोधनासाठी राहिल्या. परंतु तेथे स्त्रीला कायम जागा मिळण्याची शक्यता नव्हती. अतिश्रम आणि मद्यपान यांनी त्यांना त्या काळात ग्रासले होते. १९४९ मध्ये हार्वर्ड सोडून त्या फिलाडेल्फियाला एकर्ट आणि मॉकली यांच्या संगणक कंपनीत दाखल झाल्या. ही कंपनी पुढल्याच वर्षी रेमिंग्टन रँड कंपनीने विकत घेतली.

तेथील यंत्रासाठी अष्टमान पद्धतीत, म्हणजे शून्य ते सात एवढ्याच अंकांत हिशेब करावा लागे. हॉपरबाई त्यात इतक्या मुरल्या की त्यांच्या बँकेच्या हिशेबाचा मेळ बसेनासा झाला. महिन्यांमागून महिने गेले. अखेर बँकेत काम करणाऱ्या भावाने वह्या तपासल्या तेव्हा उलगडा झाला, की बाई अधूनमधून चेकबुकातील वजाबाक्याही आठाच्या हिशेबाने करीत होत्या. ही गोष्ट त्या हसत सांगत; परंतु तिच्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष गंभीर होता. यंत्राशी बोलण्यासाठी माणसाने आपली रीत सोडून यंत्राची रीत अंगी बाणवावी, हा व्यवहार उलटा आहे. यंत्र एवढे तत्पर असेल तर त्यानेच माणसाची रीत शिकावी.

या विचाराला दुसऱ्या अनुभवाचीही जोड होती. हार्वर्डमध्ये सहकारी आपापल्या वह्यांत उपयोगी आज्ञांचे गट लिहून ठेवीत आणि गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरून घेत. उतरताना चुका होत, जागांचे क्रमांक बदलताना बेरजा चुकत. माणूस नकला करण्यात आणि बेरजा मारण्यात कच्चा. यंत्र नेमके त्यातच पक्के. मग ते काम यंत्रानेच का करू नये? बेटी होल्बर्टन या सहकारी स्त्रीने १९५१ मध्ये स्वतःच प्रोग्राम तयार करणारा एक प्रोग्राम लिहिला होता. त्यानेही हॉपरबाईंना धीर दिला. १९५२ पर्यंत त्यांचा पहिला कंपायलर तयार झाला. आज्ञांचे गट चुंबकीय फितीवर साठवावयाचे, प्रत्येकाला ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे क्रमांक द्यावयाचा आणि माणसाने फक्त क्रमांक सांगावयाचे. गट शोधून, जुळवून, जागांचे हिशेब करून सलग प्रोग्राम यंत्राने बनवावयाचा, अशी ही योजना होती. आजच्या कंपायलरचे काम याहून पुष्कळ व्यापक आहे, परंतु वाट येथून फुटली. त्याच वर्षी वाचलेल्या आपल्या शोधनिबंधाला त्यांनी संगणकाचे शिक्षण या अर्थाचे शीर्षक दिले. शिक्षिकेचा पिंड कसा लपावा?

या कामातील एक अडचण त्यांनी ज्या रीतीने सोडविली ती फार बोलकी आहे. प्रोग्राम जुळविताना कधी पुढच्या अशा भागाकडे उडी घ्यावी लागे, की जो अद्याप स्मरणात कोठे बसणार, हे ठरलेलेच नसे. महाविद्यालयात असताना त्या बास्केटबॉल खेळल्या होत्या. स्त्रियांसाठी असलेल्या त्या वेळच्या नियमांत चेंडू घेऊन फार पुढे पळता येत नसे. तो साथीदाराकडे टाकावयाचा, आपण पुढे धावावयाचे आणि तेथे तो परत घ्यावयाचा. तोच डाव त्यांनी यंत्रात मांडला. स्मरणाच्या टोकाला एक राखीव कोपरा ठेवला. उडी आधी त्या कोपऱ्याकडे टाकावयाची आणि पुढचा भाग जागेवर बसला की कोपऱ्यातून त्याकडे दुसरी उडी जोडावयाची. मैदानावर पायांनी शिकलेली गोष्ट वीस-पंचवीस वर्षांनी अशी फळाला आली. खेळाचा तास कापून त्यात जादा गणित घेणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

एक प्रोग्राम, तीन भाषा

यानंतरचे पाऊल अधिक धाडसी होते. व्यापारी पेढ्यांत आणि कचेऱ्यांत हिशेब करणाऱ्या माणसांना गणिती चिन्हांचा सराव नसतो. त्यांना वाक्ये समजतात. मग आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांत का लिहू नयेत? संगणकाला इंग्रजी कळणे शक्य नाही, असे वरिष्ठांचे उत्तर होते. हॉपरबाईंनी छोटा नमुना तयार करून तो चालवून दाखविला. मग त्याच प्रोग्रामातील इंग्रजी शब्दांच्या जागी फ्रेंच शब्द घातले, नंतर जर्मन. यंत्राने तिन्ही वेळा तेच काम केले. यंत्राच्या लेखी शब्द म्हणजे खुणांचे गट. अर्थ माणसाने ठरवावयाचा. त्यांना सिद्ध करावयाचे होते ते हेच. परंतु अधिकारी भयचकित झाले. अमेरिकेतील कंपनीने अमेरिकेत बनविलेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कळावे, हे त्यांच्या पचनी पडेना! यंत्र फक्त इंग्रजीतच चालेल, असे आश्वासन देऊन बाईंना आपली योजना वाचवावी लागली. तीतूनच फ्लो-मॅटिक ही भाषा आकाराला आली.

१९५९ मध्ये अमेरिकेतील सरकारी खाती आणि संगणक कंपन्या यांनी मिळून व्यापारी कामासाठी सर्व यंत्रांना चालेल अशी एक भाषा ठरविण्याचे योजिले. तिचे नाव कोबॉल. ती अनेकांच्या हातून घडली. हॉपरबाई सल्लागार होत्या आणि भाषेचा पाया बऱ्याच अंशी फ्लो-मॅटिकचा होता. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ एकच प्रोग्राम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आला. कोबॉल शब्दबंबाळ आहे, ती विचाराला शिस्त लावीत नाही, असे आक्षेप पुढे आले. एड्सगर डाइक्स्ट्रा यांच्यासारख्या विद्वानाने १९७५ मध्ये तिच्यावर कठोर प्रहार केला. या टीकेत तथ्य होते. परंतु तिच्यामुळे यंत्रापुढे बसण्याचा अधिकार गणितज्ञांच्या वर्तुळाबाहेर गेला, हेही तितकेच खरे.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना वयोमानानुसार निवृत्त केले आणि पुढल्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलाविले. हे सहा महिने १९ वर्षे चालले. त्यांच्या कचेरीतील भिंतीवरचे घड्याळ उलट्या दिशेने फिरे. पूर्वीपासून असेच चालत आले आहे, ही सबब ऐकण्याचा त्यांना तिटकारा होता. घड्याळाचे काटे उजवीकडेच फिरले पाहिजेत असे काही नाही, हे ते घड्याळ येणाऱ्याजाणाऱ्याला मुकाट्याने सांगे. ऑगस्ट १९८६ मध्ये बोस्टनच्या बंदरातील एका ऐतिहासिक युद्धनौकेवर त्यांना निरोप देण्यात आला तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या. त्यानंतरही त्या एका संगणक कंपनीच्या सल्लागार राहिल्या आणि व्याख्याने देत हिंडल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

फूटपट्टीएवढा नॅनोसेकंद

या व्याख्यानांत त्या तारेचे तुकडे वाटीत. सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोसेकंद. हा शब्द कानावर येई, पण मनात शिरत नसे. म्हणून तेवढ्या वेळात वीज जास्तीत जास्त किती अंतर तोडू शकेल, तेवढीच तार त्यांनी कापून घेतली. ती भरली ११.८ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर. जोडीला हजार नॅनोसेकंदांचे, म्हणजे जवळजवळ ३०० मीटर तारेचे भेंडोळे त्या दाखवीत. उपग्रहामार्फत निरोप पोहोचण्यास वेळ का लागतो, असे विचारणाऱ्या सेनाधिकाऱ्याला त्या सांगत, की इथून उपग्रहापर्यंत असे असंख्य तुकडे मांडावे लागतात. वेळ हातात धरता येते, हे सेनापतीला आणि शाळकरी मुलाला एकाच तुकड्याने पटे.

तीस सेंटिमीटर म्हणजे शाळेची फूटपट्टी. प्रत्येक दप्तरात एकेक नॅनोसेकंद पडून आहे; तो बाहेर काढून दाखविणारा शिक्षक तेवढा हवा. ज्या शाळेत संगणक एकच आहे, किंवा जो आहे तो बंद पडून कापडाखाली झाकलेला आहे, तेथेही एका मुलाचे डोळे बांधून दुसऱ्याला मराठीत सूचना देऊन त्याला फळ्यापासून दारापर्यंत न्यावयास सांगता येईल. चालणारा बाकाला धडकला तर दोष त्याचा नसून सूचनेचा आहे, हे सूचना देणाऱ्याला उमगेल. तो ती दुरुस्त करील आणि सुधारलेली सूचना वहीत लिहून ठेवील. यात पायऱ्या पाडणे आले, पुनरावृत्ती आली, चूक शोधणे आले आणि नेमके बोलणेही आले. संगणक पुढे मिळेल तेव्हा हा मुलगा त्याच्यापुढे बिचकत उभा राहणार नाही.

इंग्रजी येत नाही म्हणून संगणक आपल्यासाठी नाही, ही भीती मराठी शाळांतील अनेक मुलांच्या मनात घर करून असते आणि शिक्षकांचीही तीतून सुटका झालेली नसते. या भीतीचे उत्तर फिलाडेल्फियातील त्या नमुन्याने सत्तर वर्षांपूर्वीच दिलेले आहे. पडद्यावरचे शब्द इंग्रजी असले तरी ते थोडे आहेत आणि सरावाने येतात. विचार मात्र मुलाला ज्या भाषेत स्वप्न पडते त्याच भाषेत व्हावा लागतो.